थांबवता न येणारा खेळ

२०१९ च्या फेब्रुवारीत गोव्याचे माहिती-तंत्रज्ञान मंत्री रोहन खंवटे यांनी पबजी हा खेळ म्हणजे घराघरात शिरलेला राक्षस आहे, अशा आशयाचे विधान केले आणि त्याला आवर घालणारा कायदा हवा, असे मत मांडले. बातमी देशभर फिरली. शाळा-कॉलेजातली पोरे अभ्यास सोडून मोबाईल आडवा धरून बसतात, ही तक्रार पेडण्यापासून काणकोणपर्यंत प्रत्येक घरात होतीच, त्यामुळे मंत्र्यांच्या शब्दावर फारशी कुणी हरकत घेतली नाही.

मला त्या बातमीत कुतूहल वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. हा राक्षस डिचोलीत आला कुठल्या वाटेने? व्हिडिओ गेमच्या धंद्यात गेली तीस वर्षे जी घनघोर लढाई चालू आहे, ती आता सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेन्डो या तीन कंपन्यांची, आणि तिचे हत्यार म्हणजे टीव्हीला जोडायचा कन्सोल. सोनीचा प्लेस्टेशन ४ भारतात २०१४ च्या जानेवारीत आला तो ३९,९९० रुपयांना, प्लेस्टेशन ५ आला २ फेब्रुवारी २०२१ रोजी ४९,९९० रुपयांना. खेळ वेगळे विकत घ्यायचे, एकेक काही हजारांचा. साखळी, मये, कोरगाव, पार्से अशा गावांत हे यंत्र असलेली घरे शोधावी लागतील. निन्टेन्डो तर भारतात अधिकृतपणे दुकान मांडून बसलेलीच नाही. आणि तरी त्या लढाईतून जन्मलेली खेळ चालवण्याची रीत, जिला धंद्यात लाइव्ह सर्व्हिस म्हणतात, ती इथे कन्सोलशिवायच येऊन पोचली. ती कशी, हे समजून घेताना मी अनेकदा थक्क झालो.

आधी जुनी लढाई. १९९१ च्या जूनमध्ये शिकागोच्या प्रदर्शनात सोनीने निन्टेन्डोसाठी सीडी चालवणारे यंत्र करत असल्याचे जाहीर केले. दुसऱ्याच दिवशी निन्टेन्डोने त्याच प्रदर्शनात सांगितले की आमचा भागीदार फिलिप्स आहे. चारचौघांत झालेल्या या अपमानातून ३ डिसेंबर १९९४ रोजी जपानमध्ये प्लेस्टेशन बाजारात उतरले. पुढे २००१ च्या जानेवारीअखेर सेगाने कन्सोल करणे थांबवत असल्याचे जाहीर केले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स रिंगणात आला.

या धंद्याचे गणित मोठे मजेशीर आहे. यंत्र अनेकदा तोट्यात विकायचे, आणि त्या यंत्रासाठी दुसऱ्यांनी केलेला प्रत्येक खेळ विकला गेला की साधारण तीस टक्के आपण घ्यायचे. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एका खटल्यात मायक्रोसॉफ्टच्या अधिकारी बाईंनी शपथेवर सांगितले की एक्सबॉक्सच्या यंत्रावर कंपनीने कधीही नफा कमावलेला नाही. म्हणजे यंत्र हे नुसते दार. दारातून गिऱ्हाईक आत यायला हवे, म्हणून ‘हा खेळ फक्त आमच्याकडेच’ अशी तटबंदी उभारायची. मारियो हवा तर निन्टेन्डो घ्या, हेलो हवा तर एक्सबॉक्स. तीस वर्षे कन्सोलवाल्यांचे सगळे डावपेच या एका वाक्यात बसत होते.

मग इंटरनेट आले. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २००२ मध्ये एक्सबॉक्स लाइव्ह सुरू केले आणि घरबसल्या परगावच्या माणसाशी खेळण्याचे वार्षिक शुल्क घ्यायला सुरुवात केली. त्यानंतरच्या पंधरा वर्षांत खेळाचे रूपच पालटले. पूर्वी खेळ विकला की व्यवहार संपत असे. आता खेळ बहुधा फुकट द्यायचा, आणि तो कधी संपूच द्यायचा नाही. हीच ती लाइव्ह सर्व्हिस. दर दोन-तीन महिन्यांनी नवा हंगाम, नवे नकाशे, नवे पोशाख. हंगामाचा पास विकत घ्या, म्हणजे खेळता खेळता बक्षिसे मिळत राहतील. सप्टेंबर २०१७ मध्ये फोर्टनाइटने आपला शंभर जणांचा सामना फुकट खुला केला आणि कंपन्यांना कळले की पैसा पेटीत नाही, माणसाच्या रोजच्या वेळेत आहे.

पण वेळ तर सगळ्यांकडे सारखाच, चोवीस तासांचा. इथे लढाई खरी कठीण झाली. ज्याने एका खेळात तीन वर्षे घालवली, मित्र जमवले, पोशाख विकत घेतले, तो दुसऱ्या खेळात कशाला जाईल? सोनीला हे फार महागात पडून कळले. २०२२ मध्ये तिने डेस्टिनी खेळ करणारी बंजी ही कंपनी ३.६ अब्ज डॉलरना घेतली आणि मार्च २०२६ पर्यंत दहाहून अधिक लाइव्ह सर्व्हिस खेळ आणण्याचा बेत सांगितला. त्याच्या दोनच आठवडे आधी मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्हिजन ब्लिझार्डसाठी ६८.७ अब्ज डॉलर मोजण्याची घोषणा केली होती. पावणेदोन वर्षांत सोनीच्या बेतातले निम्मे खेळ पुढे ढकलले गेले. ‘द लास्ट ऑफ अस’चा ऑनलाइन अवतार डिसेंबर २०२३ मध्ये रद्द झाला. आणि २३ ऑगस्ट २०२४ रोजी आलेला कॉन्कॉर्ड हा खेळ ६ सप्टेंबरला बंद केला गेला, सगळ्यांचे पैसे परत देऊन. चौदा दिवस! आठ वर्षांची मेहनत असल्याचे तो करणाऱ्यांनीच सांगितले होते. खेळ वाईट नव्हता म्हणतात. संगणकावरच्या स्टीम या दुकानात तो एका वेळी खेळणाऱ्यांचा सर्वाधिक आकडा मात्र ६९७ होता. या आकड्यावर खेळ का मरतो, ते पुढे सांगतो.

त्याच वर्षी फेब्रुवारीत त्याच सोनीने हेलडायव्हर्स २ आणला होता, स्टॉकहोमच्या ॲरोहेड नावाच्या स्टुडिओने केलेला. बारा आठवड्यांत त्याच्या १ कोटी २० लाख प्रती खपल्या. एकाच कंपनीचे, एकाच किमतीचे, चाळीस डॉलरचे दोन खेळ, आणि नशीब असे टोकाचे. हेलडायव्हर्समध्ये जगभरचे खेळाडू मिळून एकच आकाशगंगा लढवतात. कुठला ग्रह हातचा गेला, कुठे नवी फौज उतरली, हे ठरवायला ॲरोहेडमध्ये चक्क एक माणूस बसलेला असतो. तो खेळाडूंचा रागरंग बघून युद्धाला वळण देतो. एकदा खेळाडूंपुढे पेच टाकला गेला: एका ग्रहावर नवे रणगाडाविरोधी सुरुंग मिळतील, दुसऱ्यावर आजारी मुलांचे इस्पितळ वाचवता येईल. लोकांनी मुले वाचवली. मग स्टुडिओने खरोखरच मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेला देणगी दिली.

पेडण्याच्या माणसाला यात अनोळखी काय आहे? तुळशीच्या लग्नानंतर जत्रांचा हंगाम सुरू झाला की दशावतारी मंडळ्या सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडून खाली पेडणे, डिचोलीपर्यंत गावोगाव फिरतात. संहिता लिहिलेली नसते. आख्यान कुठले, सोंगे कुणाची, आधी कोण येणार आणि नंतर कोण, एवढे मंडळीचा मालक रंगपटात सांगतो, आणि पेटी-मृदंगाच्या साथीने नट संवाद उभ्या उभ्या रचतात. प्रेक्षक रंगला तर लढाई लांबते, पेंगला तर राजा लवकर मरतो. गोष्ट पुराणातली, सगळ्यांना पाठ, तरी पुढच्या वर्षी लोक पुन्हा येतात, कारण आजची रात्र पुन्हा तशीच होणार नाही. शेजारच्या गावात त्याच रात्री दुसरी मंडळी असली तर चुरस अधिकच. हेलडायव्हर्सच्या त्या माणसाला मी मनात मालकच म्हणतो. आणि राक्षसाचे म्हणाल तर दशावताराच्या पूर्वरंगात वेद चोरणारा काळा संकासुर येतो तेव्हा सगळ्यात पुढे सरकून बसतात ती पोरेच.

आता पबजीकडे वळू. ब्रेंडन ग्रीन या आयरिश माणसाच्या कल्पनेतून कोरियातल्या कंपनीने २०१७ मध्ये केलेला हा खेळ आधी संगणकावर आला. कन्सोलवर तो डिसेंबर २०१७ मध्ये आला तो फक्त एक्सबॉक्सवर. प्लेस्टेशनवाल्यांना पुरते एक वर्ष, डिसेंबर २०१८ पर्यंत, थांबावे लागले. ही जुनी तटबंदीची चाल. पण या वर्षात काय घडले पाहा. १९ मार्च २०१८ रोजी चीनच्या टेन्सेन्टने केलेली पबजीची मोबाईल आवृत्ती जगभर खुली झाली, फुकट. भारतात सप्टेंबर २०१६ पासून जिओने डेटा मातीमोल करून ठेवलेला होता आणि दहा-बारा हजारांचा फोन घराघरात होता. दोन बलाढ्य कंपन्या ज्या दाराची किल्ली एकमेकींपासून लपवत होत्या, त्या दारातून कुणाला जायचेच राहिले नाही. अकरा महिन्यांत गोव्याच्या मंत्र्यांना राक्षस दिसला.

हा खेळ प्रत्यक्षात चालतो कसा, हे मला सगळ्यात अद्भुत वाटते. डिचोलीतल्या पोराने गोळी झाडली की ती बातमी मोबाईलच्या मनोऱ्यावरून काचेच्या तंतूत शिरते. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. सर्व्हर मुंबईत असेल आणि तार सहाशे किलोमीटर वळणे घेत गेली तरी जायला तीन सहस्रांश सेकंद, यायला तीन. सर्व्हर सिंगापूरला असेल तर समुद्राखालचे चार हजार किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन चाळीस. वाटेतल्या यंत्रांचा आणि मनोऱ्याचा उशीर त्यात मिळवा. हीच पोरांची ‘पिंग’. ती शंभराच्या वर गेली की ‘लॅग मारतो’ म्हणून आरडाओरडा सुरू होतो. सेकंदाच्या दहाव्या भागासाठी चाललेली ही तक्रार मला आधी लाडावलेली वाटे. पण विचार करा, शंभर माणसे, शंभर वेगवेगळ्या उशिरांनी, एकच बेट एकाच क्षणी बघत आहेत असा भास घडवायचा आहे.

तसा एकच क्षण नसतोच. नेमबाजीच्या बहुतेक ऑनलाइन खेळांत तुमचा फोन सर्व्हरच्या उत्तरासाठी थांबत नाही. तुम्ही बोट सरकवले की तो तुम्हाला लगेच पुढे नेतो आणि सर्व्हर हेच म्हणेल असे गृहीत धरतो. १९९६ मध्ये जॉन कारमॅक या प्रोग्रामरने क्वेकवर्ल्ड या खेळात ही युक्ती बसवली. अंदाज चुकला तर तुम्ही अचानक दोन पावले मागे ओढले जाता. समोरचा शत्रू मात्र तुम्हाला किंचित भूतकाळातला दिसत असतो, कारण त्याच्या हालचालीची बातमी पोचेपर्यंत तो पुढे गेलेला असतो. मग नेम धरायचा कुणावर, आता नसलेल्या माणसावर? यावरचा तोडगा ऐकून मी हात जोडले. सर्व्हर गेल्या काही क्षणांतली प्रत्येकाची जागा लक्षात ठेवतो. तुमची गोळी पोचली की तुम्ही किती जुने जग बघत होता याचा हिशेब करतो, सगळे बेट तेवढे मागे नेतो, त्या गतक्षणी गोळी लागली असती का ते तपासतो, आणि पुन्हा वर्तमानात येतो. हे सेकंदातून कित्येकदा, प्रत्येकाच्या प्रत्येक गोळीसाठी. भिंतीआड सुखरूप पोचल्यावरही आपण मेलो असे एखादे पोर रडकुंडीला येऊन सांगते ते खोटे नसते. त्याच्या घड्याळात ते पोचलेले होते, मारणाऱ्याच्या घड्याळात नव्हते, आणि सर्व्हरने मारणाऱ्याचे ऐकले.

आता कॉन्कॉर्डच्या ६९७ चे कोडे. हिशेब पबजीच्या उदाहरणाने मांडतो. पबजीच्या सामन्याला शंभर खेळाडू लागतात आणि सामना अर्ध्या तासाचा. रांगेत मिनिटभरापेक्षा जास्त थांबवले तर माणूस दुसरा खेळ उघडतो. म्हणजे दर मिनिटाला नवे शंभर जण हवेत. अर्ध्या तासाला तीन हजार, एका रांगेसाठी. आता एकट्याने, जोडीने आणि चौघांनी खेळायच्या तीन रांगा, गुणिले चार नकाशे: छत्तीस हजार. शिवाय नवख्याला मुरलेल्यापुढे टाकायचे नाही, पेडण्याच्या पोराला ब्राझीलच्या पोराशी जोडायचे नाही. मधेच मेलेले पुन्हा रांगेत येतात, काही जागी यंत्रचालित बाहुले भरतात, म्हणून आकडा थोडा उतरतो. तरी मुद्दा कळला असेल. पबजी असो वा कॉन्कॉर्ड, असा खेळ गर्दीवर जगतो आणि गर्दी ठरावीक पातळीखाली गेली की झपाट्याने कोसळतो. रांग लांबते म्हणून माणसे जातात, माणसे जातात म्हणून रांग लांबते.

या गणिताने ती तीस वर्षांची तटबंदी पाडली. २०१८ च्या जूनमध्ये फोर्टनाइट निन्टेन्डोच्या स्विचवर आला, तेव्हा प्लेस्टेशनवर ज्यांनी खाते जोडले होते त्यांना तिथे शिरताच येईना. गहजब झाला. सोनीने २६ सप्टेंबरला माघार घेतली आणि तिघांचे खेळाडू एका बेटावर आले. मे २०१९ मध्ये तर सोनी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी करार केला की ऑनलाइन खेळांसाठी सोनीने मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युर या संगणक-कोठाराचा वापर करण्याच्या शक्यता मिळून तपासायच्या. ऑगस्ट २०२५ मध्ये सोनीचा हेलडायव्हर्स २ एक्सबॉक्सवर विकायला आला. दोन महिन्यांनी मायक्रोसॉफ्टने जाहीर केले की हेलो, तोच तो हेलो, प्लेस्टेशनवर येणार. २००१ मध्ये हे कुणी बोलून दाखवले असते तर त्याला वेड्यात काढले असते.

आपल्याकडेही या गर्दीच्या धंद्यात उतरण्याची हिंमत झाली आहे. पुण्याच्या सुपरगेमिंगने इंडस हा शंभर टक्के देशी रंगरूपाचा खेळ ऑक्टोबर २०२४ मध्ये मोबाईलवर आणला. विरलोक नावाच्या काल्पनिक जगात तो घडतो, आणि शेवटपर्यंत जिवंत राहण्याखेरीज कॉस्मियम नावाचे द्रव्य हस्तगत करूनही त्यात जिंकता येते. कल्पना मला आवडली. पण वर मांडलेला हिशेब त्यांनाही चुकत नाही: आधीच एका बेटावर रमलेल्या गर्दीला उठवून दुसऱ्या बेटावर न्यायचे आहे.

इकडे पबजीवर २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने इतर चिनी ॲपांबरोबर बंदी घातली. पुढच्याच महिन्याच्या अखेरीस पबजीमागच्या कोरियाच्या क्राफ्टन या कंपनीने आपले खेळ मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युरवर ठेवण्याचा करार जाहीर केला. २ जुलै २०२१ ला तोच खेळ बीजीएमआय या नावाने भारतात परतला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा दुकानातून उतरवला गेला, मे २०२३ मध्ये पुन्हा चढला, यावेळी अठराखालच्यांना दिवसाला तीन तास आणि मोठ्यांना सहा तास अशा मर्यादेसह. खंवट्यांना हवा होता तसला आवर काही अंशी आला तो असा, राज्याच्या कायद्याऐवजी खेळाच्या आतूनच.

तेव्हा पेडणे-डिचोलीपुरता या लढाईचा निकाल असा: कन्सोल कुणाचाच जिंकला नाही. जिंकला तो कोरियन कंपनीचा, चीनमध्ये घडलेला खेळ, आणि एक्सबॉक्सवाल्या मायक्रोसॉफ्टला यंत्र न विकताही संगणकांच्या भाड्यात वाटा मिळाला.

एक विनंती पालकांना. ‘जेव गो आधी, मग खेळ’ म्हटल्यावर ‘मॅच चालू आहे, थांबवता येत नाही’ असे उत्तर आले तर ते उर्मटपणाचे समजू नका. बाकीच्या नव्व्याण्णव जणांचे घड्याळ मुंबईच्या किंवा सिंगापूरच्या यंत्रात चालू असते, ते कुणाच्या आईसाठी थांबत नाही. हाक अर्धा तास आधी मारा.